अंधारातली कुरबुर

तुर्भ्याच्या गॅमा केंद्रात आज मिरचीचा दिवस.
ब्याडगीची पोती साखळीवरून आत सरकतायत
आणि त्यांच्या मागोमाग, बिस्किटांच्या पुठ्ठ्यात,
आमचे तेवीस फोटोडायोड.
नखाएवढे. सिलिकॉनचे. निळसर.
चोविसावा माझ्या डब्याच्या पिशवीत.
तो आत जाणार नाही.
बाकीच्यांचं काय झालं ते कळावं म्हणून
तो नुसता सोबत आलाय.

पद्माकर भोईर वहीत वेळ लिहितो.
दहा चाळीस. कोबाल्ट पाण्यातून वर.
मिरचीला एक फेरी पुरते, आमच्या पुठ्ठ्याला अकरा.
"एवढा मार कशाला?"
दहा वर्षांचा आहे, मी म्हणते,
एकदा त्या मोठ्या यंत्राच्या पोटात बसवले
की बदलायला कुणी जाऊ शकत नाही.
"आणि मार म्हणजे होतं काय नक्की?"
जाळीत प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते.
धक्का बसला की एखादा उठतो,
दोन घरं पलीकडे कुठल्यातरी फटीत अडकतो,
आणि त्याची जागा तशीच. रिकामी.
भोईर पेनाला टोपण लावतो.
"म्हणजे प्रकल्पग्रस्त."

त्याच्या आज्याचं मिठागर होतं वाशीच्या खाडीला,
तिथे आता मॉलच्या गाड्या लागतात.
"साडेबारा टक्के मिळाले का त्या अणूला?"
मला हसावं की नाही ते कळत नाही.
तो हसतो, मग मीही.

महाप्याच्या प्रयोगशाळेत रात्री नऊ.
काळ्या पेटीवर जुन्या छत्रीचं कापड, दोन पदरी.
मीटरचा हिरवा दिवा तेवढा डोळे वटारतो,
त्याच्यावर माझी टिकली.
आत आता बघण्यासारखं काहीच नाही.
दिसत नसेल तर बोलायचं नाही,
एवढाच डायोडचा धर्म.

चोविसावा: पाव नॅनोअँपिअर.
झोपेत कुशीवर वळल्याइतकं.
नववा: अठ्ठेचाळीस.
पाच व्होल्ट वाढवले, एकावन्न.
मिट्ट काळोखात, कुणी काही न दाखवता,
तो सांगत सुटलाय.
इरफान तांबोळी केबल तपासतो, पेटी तपासतो,
एसीचं तापमान बघतो
(सात अंश चढले की ही कुरबुर दुप्पट होते),
पण फट कुठेच नाही.
उजेड बाहेरून येत नाहीये.

मग भट्टी. साठ अंश, ऐंशी मिनिटं.
तापल्या डायोडांतून मिरचीचा खाट उठतो
आणि इरफान असा शिंकतो
की केबल हलते, आलेखावर सुळका उभा राहतो.
मी त्याच्यापुढे तारीख टाकून लिहिते: शिंक.
ऊब मिळाली की काही अणू हलतात म्हणे,
एखाद्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात,
आपल्याच असं नाही. जागेला ते कळत नाही.
काही एकमेकांना धरून गठ्ठा करतात,
ते मग कुठल्याच भट्टीला बधत नाहीत.

पुन्हा कापड, पुन्हा टिकली.
नववा: एकतीस.
पाववर येणार नाही, हे मला आधीच माहीत होतं,
तरी मी तीनदा मोजलं.
मर्यादा पन्नासची.
रकान्यात लिहिलं, पास.
उरलेले फ्रीजमध्ये, उणे वीसला,
तिथे जखम आहे तशी राहते,
बरी होत नाही, चिघळतही नाही.

अकराला भोईरचा मेसेज.
"किती परत गेले घरी?"
ते मोजता येत नाही, मी लिहिते,
कुरबुर तेवढी कमी झाली.
बराच वेळ तो काहीतरी टाइप करतोय, थांबतोय.
मग येतं: "पुठ्ठा उद्या आण.
नोंदीत धरलाय."

चोविसावा डब्याच्या पिशवीत परत.
टिकली काढायची राहिली.