आगरवाड्यात दीड महिना

माझ्या टेबलावर आता सोलं वाळत असतात.
इनऑर्गॅनिकची जुनी वही कुणीतरी
खिडकीला पाचर म्हणून लावलीय,
कपाटात दत्तप्रसादचे क्रिकेटचे पॅड.
मी सुटकेस जमिनीवर उघडते
आणि दीड महिना ती तशीच पडून राहते,
आ वासून.

पहिले आठ दिवस मी पाहुणी.
माशाचं डोकं माझ्या ताटात,
बाहेरच्या खोलीत दबलेले आवाज, झोपू दे गो तिला,
कायतान पोदेराचा भोंगासुद्धा
आमच्या दारापुढे जरा हळू वाजल्यासारखा.
नवव्या दिवशी साडेपाचला आई चादर ओढते.
"कॉलेजात लोळायलाच शिकवतात काय?"
मला फार बरं वाटतं.

साडेपाचला आगरात उजेड खालून येतो.
आधी वाफ्यांतलं पाणी उजळतं, मग आभाळ.
बाबा फळी ओढतात,
मीठ ओलं असताना राखाडी,
ढिगावर आलं की पांढरं.
मीही ओढते. वर्षभर पेन धरलेले हात
दुसऱ्या दिवशी फोडांनी भरतात.
फोड, आणि तेही मिठात:
हा विनोद इथे सगळ्यांना कळतो,
मनापासून हसतात.

एकदा बाबांना सांगितलं,
आमच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढवतात,
एकच, दोऱ्याला बांधून, तीन आठवडे,
टेबलाला कुणी धक्काही लावायचा नाही.
त्यांनी नीट ऐकून घेतलं. विडी विझवली.
"किती किलो होतं?"

यंदाचा पोत्याचा भाव ते सांगत नाहीत.
माझ्या मेसचं बिल मात्र विचारतात,
आणि मी थोडं कमी सांगते.
असं आमचं दोघांचं चाललंय.

बावीस मेला मोनलचा फोन.
अकोल्याच्या उन्हातून ओरडत होती,
कूलर, भावाचं लग्न, नवी वॉर्डन.
मी मागच्या पायरीवर, बादलीत पाय सोडून,
म्हटलं, हो गं, मी दहा जूनला घरी येते,
खिडकीकडचा पलंग धरून ठेव.

घरी, म्हणाले मी.

मागे आई सुकटं निवडत होती.
तिचा हात थांबला नाही,
मान वर झाली नाही.
फक्त रात्री हुमणात तिरफळं जास्त पडली
आणि त्यावर कुणी काही बोललं नाही,
दत्तप्रसादसुद्धा,
जो कशावरही बोलतो.

जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, चल,
भरती आलीय, मानस उघडायची आहे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
खाडीचं पाणी आत घेणारं, नको तेव्हा अडवणारं.
पुण्यात हा शब्द काढला
तर लोक मनाबद्दल बोलायला लागतात.
बॅटरी माझ्या तोंडात, दोर माझ्या हातात.
फळी वर आली तसं पाणी आत घुसलं,
दोन खेकडे, काटक्या, कुणाची तरी एक चप्पल.
दोर वाटला त्याहून जड होता.
"एकदम सोडू नको," म्हणाले बाबा.
एवढंच. परत येताना
बांधावर ते पुढे आणि मी मागे,
बॅटरी बंद करून.

मग ढिगांवर झावळ्या चढल्या,
आगर बंद झालं,
माझी सुटकेस मिटली.
सुकटं तीन पिशव्यांत, गाडीत वास नको म्हणून,
सोलं डब्यात, मीठ एका जुन्या पिशवीत,
मोनलला दाखवायला.

म्हापशाच्या स्टँडवर बस सुरू झाल्यावर
आई खिडकीशी आली,
काचेवर दोनदा टकटक केलं.
"घरी पोचलीस की फोन कर."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
टोमणा होता की
दोर सैल सोडला होता हळूहळू,
कळेना. बस वळली.

आंबोलीचा घाट चढताना
मांडीवरची पिशवी ओलसर लागली.
मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं.
ते का ओढतं हे मला सांगता येतं,
परीक्षेत सहा मार्कांना होतं.