एक लाख वीस हजार

बारा जणींची भिशी. माझा नंबर आठव्या महिन्यात लागला.
एक लाख वीस हजार.
त्यात गाडी बसवायची,
गाडीत चाळीस डबे बसवायचे,
आणि डब्यातली आमटी सिडकोपासून अंबडच्या कंपन्यांपर्यंत
सांडू द्यायची नाही.
नऊ वर्षं स्कूटीवर झाली.
पाठीचा एक मणका आता वेगळं बोलायला लागलाय.

फैयाजभाई वडाळा नाक्याचे मिस्त्री.
गाडी बघायचे तीनशे घेतात,
'नको' म्हणायचे वेगळे घेत नाहीत.

पहिली गाडी पाथर्डी फाट्याला.
कोरी सीट कव्हरं, पुढे लिंबू-मिरची,
आत मोगऱ्याचा वास, इतका
की कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटलं.
फैयाजभाईंनी मॅट उचललं,
खाली बोट फिरवून मला दाखवलं.
बारीक, गुळगुळीत गाळ.
"ताई, ही मारुती
पुरात दुतोंड्या मारुतीशेजारी उभी होती."
मालक म्हणाला, धूळ आहे हो, रस्त्याची कामं चालू आहेत ना.
आम्ही चहा न घेता निघालो.

दुसरी मीटरवर एकतीस हजार चाललेली,
आणि ब्रेकचं रबर मधोमध झिजून
आमच्या पाट्यासारखं खोल.
फैयाजभाई अशा वेळी काही बोलत नाहीत.
हात पुसतात.
फडकं खिशात गेलं की समजायचं.

तिसरीच्या दाराला चुंबक चिकटेना.
चौथी बरी होती, पण तिच्यावर बँकेचा बोजा होता
आणि मालकाचा भाऊ दुबईला.

मग जेलरोडला अहिरराव काका.
नोट प्रेसमधून रिटायर.
वॅगनआर, राखाडी, तेरा वर्षांची, डाव्या दारावर ओरखडा.
"तो माझा," त्यांनी आधीच सांगून टाकलं,
"गेट तिथंच होतं, मीच नव्हतो."
आतून वही आणली.
पेट्रोल, ऑइल, बॅटरी, हवा,
तारीखवार, हजेरीपटासारखं.
२०१९च्या मार्चपासून दर गुरुवारी एकच शब्द: हॉस्पिटल.
ऑगस्टनंतर तो शब्द नाही.
मी पान उलटलं. त्यांनी उलटू दिलं.

फैयाजभाई अर्धा तास गाडीखाली होते.
बाहेर आले, म्हणाले,
"क्लच सहा महिन्यांत जाईल. आठ हजार धरून चला."
फडकं हातातच.

काका एक तीस म्हणत होते.
मी एक बारा म्हटलं. आवाज कापला,
आकडा नाही बदलला.
ते आत गेले. कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.
गॅस बंद केल्याचा आवाज.
बाहेर येऊन म्हणाले, बरं.

मग नोटा मोजायला बसले.
बत्तीस वर्षं ज्यांच्या हातांखालून कोऱ्या गड्ड्या गेल्या
त्यांच्यापुढे माझ्या नोटा:
हळदीचे डाग, दुमडलेले कोपरे,
एकीवर कुणाचा तरी मोबाईल नंबर.
प्रत्येक नोट खिडकीच्या उजेडाला धरली.
एक पाचशेची बाजूला काढली.
माझ्या पोटात गोळा.
"खोटी आहे का?"
"छे हो. दमलीय नुसती."
ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली,
चीर जुळवली, नखानं दाबली,
आणि गठ्ठ्यात ठेवली. दोनशे चोवीस पूर्ण.

सह्या झाल्या. दोन किल्ल्या दिल्या,
एकीला अजून गणपतीचं किचेन.
वही द्यायची की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं.
शेवटी त्यांनी लिहिलेली पानं सुतळीनं बांधली,
उरलेली कोरी माझ्याकडे.

पहिली नोंद माझ्या अक्षरात:
हवा भरली. चाळीस डबे. एक सांडला, मागच्या सीटखाली,
वास जात नाही.

क्लच सातव्या महिन्यात गेला.
फैयाजभाईंचा अंदाज एका महिन्यानं चुकला,
आठ हजारांचा मात्र एका रुपयानंही नाही.