दोष आढळला नाही

पावणेसहाला चावी फिरवली
की गाडी आधी खोकते, मग विचार करते.
ग्रिम्सबीच्या गोदीवरून मासळीचा वास येतो,
काचेवरचं बर्फ मी खरवडते
लायब्ररीच्या जुन्या कार्डानं.
नऊच्या आत सात घरं.
विल्फ कॉवुडला अंघोळ,
ऑल्डरॉइडबाईंच्या गोळ्या, मग त्यांच्या मांजराच्या,
मग पुढचा जिना, पुढचं दार.

आणि गोल चौकात, मागे मासळीचा ट्रक असताना,
पिवळा दिवा लागतो
आणि गाडीची गोगलगाय होते.

पहिल्यांदा गॅविन पेलनं कागदावर लिहून दिलं :
दोष आढळला नाही.
दुसऱ्यांदा सेन्सर बदलला.
तिसऱ्यांदा वायर बदलली
आणि न सांगता गाडी धुऊन दिली,
आरशाला पाइनच्या वासाचं झाड टांगून.
आठवडाभर शहाण्यासारखी वागली.
मग ये रे माझ्या मागल्या.

गॅविन म्हणाला, लॉर्ना, अकरा वर्षांची गाडी आहे,
या वयात थोडं दुखणारच.
म्हटलं, माझेही गुडघे दुखतात, गॅविन,
पण मला कुणी चार हजार पौंडांना
'उत्तम स्थितीत' म्हणून विकलेलं नाही.

त्या सकाळी विल्फ पलंगाच्या कडेला बसून होता
दहा वाजेपर्यंत, एका पायात मोजा.
काही बोलला नाही.
दुसरा मोजा नुसता हातात धरून होता.

दुपारी सल्ला केंद्राला फोन लावला.
पलीकडची बाई सर्दीनं बेजार,
पण एकेक शब्द टाका घातल्यासारखा :
सहा महिने झालेत का?
पाच, म्हटलं.
मग दोष आधीपासून होता हे तुम्ही सिद्ध करायचं नाही,
नव्हता, हे त्यांनी करायचं.
आणि दुरुस्तीची एक संधी पुरे होती त्यांना,
तुम्ही तीन दिल्यात.
मी गप्प.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं
की मी जास्त दिलंय.

संध्याकाळी स्पेअर चाकाखालचा जॅक काढताना
हाताला घडी केलेला कागद लागला.
दोन वर्षांपूर्वीचं बिल. लाउथचं गॅरेज.
नाव : सी. ड्रूरी.
तक्रार : चौकात वेग जातो, पिवळा दिवा.
आणि खाली, वेगळ्या पेनानं,
कुणीतरी तीनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह.

कोण ही ड्रूरी? की हा?
त्या चौकात तिच्याही मागे ट्रक असेल का?
मी तो कागद सरळ केला
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहिलं.
चार वेळा. पहिल्या तिनांत फार राग होता.
चौथ्यात फक्त तारखा :
घेतली कधी, थांबली कधी, दिली कधी, परत थांबली कधी,
आणि शेवटी : मी ही गाडी नाकारत आहे.

'नाकारत' लिहिताना हात जरा थबकला.
मी आजवर जेवणाचं ताटसुद्धा नाकारलेलं नाही.

गॅविननं ड्रूरीचं बिल दोनदा वाचलं,
दुसऱ्यांदा चष्मा लावून.
मग म्हणाला, वापराचे पैसे कापावे लागतील,
अकराशे चाळीस मैल.
म्हटलं, काप.
पण त्यातले एकोणतीस मैल
ती टो-ट्रकच्या पाठीवर बसून गेली आहे.
ते चालवलेले नाहीत मी. ते वजा कर.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, बिलाकडे पाहिलं,
कॅल्क्युलेटर पुन्हा शून्यावर आणला.

आता बसनं जाते. सात घरांची पाच झालीत,
पगार तेवढ्यानं कमी.
विल्फ विचारतो, जिंकलीस ना मग?
मी त्याचा मोजा चढवते, टाच नीट बसवते.

काल बसमधून गाडी दिसली, गॅविनच्याच आवारात,
धुतलेली, काचेवर पाटी :
एकाच सावध बाईनं वापरलेली.
तीनशेनं स्वस्त.
आरशाला ते पाइनचं झाड.

किल्ली देण्याआधी मी जॅकखाली
ड्रूरीच्या बिलाची नक्कल ठेवली आहे,
माझ्या तिन्ही कागदांसोबत,
आणि फोन नंबर, मोठ्या अक्षरात.
सहानंतर करा. दिवसा उचलता येत नाही,
हात ओले असतात.