त्रयस्थ

म्हापशात चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर
संघटनेचं ऑफिस. पंखा एक, खुर्च्या चार,
आणि भिंतीवर तळपायाचा नकाशा,
जणू न पाहिलेलं एखादं बेट:
टाचेशी कंबर, अंगठ्यात डोकं,
मधल्या खळगीत पोट.
फॉर्म पाच पानी.
पहिल्याच पानावर मी अडले.

"शिक्षण कुठे घेतलं?"

पुण्याचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट जोडलंय, लॅमिनेट करून.
त्याआधीची अकरा वर्षं मात्र
शिवोलीला मिंगेलीनच्या बाल्कांवावर गेली.
ती खोबरेल कोमट करायची, म्हणायची,
बोटांनी विचार गो, जोर नाका.
तिच्याकडे शिक्का नव्हता.
सचिवबाई म्हणाल्या, "इतर अनुभव"मध्ये लिहा,
जागा कमी आहे, जमवा.
मी लिहिलं: मिंगेलीन, शिवोली, अकरा वर्षं.
रकाना संपला.

मग म्हणाल्या, तुमच्या पाटीवर "बरं करतो" आहे ना,
ते काढावं लागेल. "आराम" चालेल.
मांद्र्याला पेंटर गुणाजीनं दुसऱ्याच दिवशी
निळ्यावर निळा फिरवला.
ऊन तिरपं झालं की
आरामच्या खालून अजून बरं दिसतं.

विम्याचा माणूस, तिळवे, गुडघ्यावर बॅग ठेवून बसलेला.
व्यावसायिक दायित्व, दहा लाखांचं.
म्हणजे माझ्या हातांचा विमा? मी विचारलं.
हातांचा नाही हो,
हातांपासून.
तो हसला नाही. त्याचं हे रोजचं.
"त्रयस्थ व्यक्तीस इजा झाल्यास"
या शब्दांखाली त्यानं पेनानं रेघ ओढली.

माझ्या टेबलावर जो पालथा झोपतो,
ज्याचा डावा खांदा
थोरल्या भावाचं नाव निघालं की दगड होतो,
ज्याला झोप लागली हे
त्याच्याआधी माझ्या अंगठ्याला कळतं,
तो त्रयस्थ.
मग पहिला कोण, दुसरा कोण,
हे तिळव्यांना विचारायचं राहिलं.

चौथ्या पानावर:
"गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून कोणास इजा?"
होय. नाही. दोन चौकोन, मुगाएवढे.

तेओतोन. बत्तीस वर्षं तारवावर, इंजिनरूममध्ये.
गेल्या मार्चात त्याच्या कमरेवर मी गरम दगड ठेवला,
माझ्या मनगटावर तपासून.
दारात गॅसवाला आला. पावती, सुटे पैसे,
किती वेळ गेला असेल?
तो गप्प होता. मला वाटलं, सुखावलाय.
दगड उचलला तेव्हा खाली
दहाच्या नाण्याएवढा फोड.
त्यानं शर्ट घातला, पैसे ठेवले,
आणि संध्याकाळी बायकोच्या हाती सहा बांगडे पाठवले,
जणू भाजले होते ते मलाच.

लेखी तक्रार होती? तिळवे म्हणाला.
नाही ना? मग "नाही"वर खूण करा,
उगाच हप्ता वाढेल.

मी "होय"वर केली.
हप्ता वाढला. चारशे दहा रुपये.

सभासदत्वाचं कार्ड आलं, त्याबरोबर एक छापील पान,
प्रत्येकाकडून टेबलावर घेण्याआधी भरून घ्यायचं.
औषधं कोणती. ऑपरेशन कधी. रक्तदाब.
मला आधी रागच आला.
मिंगेलीननं असं कधी कागदावर विचारलं असतं?

पान घेऊन मी तेओतोनसमोर बसले.
पायांना बधिरपणा? थोडो.
साखर?

आसा गो, धा वर्सां जालीं.
तुंवें केन्नाच विचारूंक ना.

बाहेर कोणीतरी नारळ पाडत होतं.
त्यानं चष्मा लावला, सावकाश सही केली,
आणि नावापुढे सवयीनं
जहाजाचं नाव लिहिलं.
मी खोडलं नाही.
दगड त्या दिवशी कोरडेच ठेवले.