गैरहजर

ज्या रविवारी सर्वसाधारण सभा भरली
त्या रविवारी मी चिपळूणला होतो, साडूच्या वास्तुशांतीला.
महापालिकेची नोटीस तोवर तिसऱ्यांदा आली होती:
ओला कचरा आवारातच जिरवा,
नाहीतर पंधरवड्यानंतर गाडी फाटकातूनच परत जाईल.

जिरवायला कुणाचीच हरकत नव्हती.
सूचक कुरियन, अनुमोदक मढवी, ठराव एकमताने मंजूर.
फक्त ड्रम कुठे ठेवायचे, यावर तीन तास गेले.
ए विंगला वारा नेमका तिकडूनच येतो,
बी विंगमध्ये बाळंतीण आहे,
ट्रान्सफॉर्मरजवळ नको, गणपतीच्या मांडवाची जागा तर नकोच.
शेवटी कुणीतरी विचारलं,
आज कोण कोण आलेलं नाही?

अशा रीतीने सहा निळे ड्रम
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आले.
घणसोली, सेक्टर सात, पहिला मजला.
इतिवृत्तात हे दोन ओळींत बसवलंय.

मी आठ दिवस खिडकी उघडली नाही.
नवव्या दिवशी उघडली ती भांडायला,
तर खाली अंजिराबाई.

ती पिशवी आधी उघडत नाही.
हातावर तोलते, कानाशी नेऊन हलकेच दाबते,
कलिंगड बघावं तसं.
“ह्यात काच हाय.”
“ह्यांनी कालचा भात टाकलाय, आन् परवाचाबी.”
तुर्भ्याच्या कचऱ्यावर अकरा वर्षं काढलीत तिने,
तिथे आमच्या पिशव्या बिननावाच्या भेटायच्या.
इथे प्रत्येकीवर फ्लॅटचा नंबर.
तेच जरा अवघड जातं, म्हणाली.
“कुनाच्या घरात काय, समदं कळतंय.
मग जिन्यात मानूस दिसला की नदर कुठं ठिवावी?”

मला वाटायचं, कचरा एक तर ओला असतो नाहीतर सुका.
एका सकाळी तिने खालून हाक मारली,
“साहेब, ह्याचं काय करू?”
झेंडूचा हार होता, तीनशे एकचा, फोटोवरून उतरवलेला.
फुलं ओल्यात, दोरा सुक्यात,
आणि ती सोनेरी जर? ती कशात?
पत्रक घेऊन मी वरूनच वाचू लागलो.
“खाली या की,” ती म्हणाली, “जिना हाय ना?”

दोघांनी बसून फुलं ओढून काढली.
तीनशे एकात कोण गेलं, मला माहीत नव्हतं.
तिला होतं.
आषाढापासून तिथून मोठ्या माणसाचे डायपर यायचे,
कागदात नीट गुंडाळून, वर लाल टिपका काढून,
एक दिवस चुकला नाही तो टिपका.
“तेरा दिस झालं, यायचे बंद झाले,” एवढंच म्हणाली
आणि जर काढून पदराला पुसली,
तिच्या नातीच्या खेळात जाईल म्हणून.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, आई म्हणायची.
आमच्या उकिरड्याचा दोन महिन्यांतच फिटला.
काळंभोर, भुसभुशीत, हाताला किंचित ऊन,
वास म्हणाल तर चहाच्या चोथ्यासारखा काहीसा.
अधिकारी आले, वजनं लिहिली, सही केली.
प्रमाणपत्र सेक्रेटरींनी लॅमिनेट करून लावलं
(लॅमिनेशन कशातच जात नाही, अंजिराबाई म्हणते).
खत न्यायला मात्र सात जण आले, एकशे बारांतले.

पाडव्याला तिने एक पणती आणली.
ड्रमवर नको, प्लॅस्टिक आहे, वॉचमन ओरडला,
तिने ती शेजारच्या विटेवर ठेवली.
गावाकडे उकिरड्यावरही लावतात म्हणे.
ओट्याशी कांदा चिरताना
मला ती वरून दिसत होती, बराच वेळ.

पुढच्या सभेत ड्रम हलवायचा विषय आहे.
माझ्यावर अन्याय झाला, असं आता सगळ्यांनाच वाटतंय.
सभा अठरा तारखेला, सकाळी दहाला, गणसंख्येअभावी साडेदहाला.
साडूला फोन केलाय,
त्या रविवारी मी पुन्हा चिपळूणला असेन.