खुणेचं पिस्तूल

वीस वर्षं मी हे पिस्तूल झाडांवर रोखत आलो,
न्यू हॅम्पशायरच्या उतारावर, पडक्या दगडी बांधांपल्याड,
जिथे कधीकाळी कुणाची शेती होती, आता रान आहे.
खोडावर निळा फटका: हे पाडायचं.
झाड काही म्हणायचं नाही.
मी पुढच्याकडे वळायचो.

जूनमध्ये विमा विकणारा वेंडल आला.
म्हणाला, ओरिन, शनिवारपुरती तुझी ती पिस्तुलं दे.
पैज लागलीय. रानात कोण तगतं,
कचेरीतला वाघ की तुझ्यासारखा झाडांतला माणूस?

चाळिशी उलटलेली माणसं!
वेल्डरचे चष्मे, ढेरीवर न मावणाऱ्या लष्करी पँटी,
नेच्यात पालथी पडून काळ्या माश्या सोसत होती.
दर गोळीला खटका मागे ओढायचा.
फट्. मग कुणीतरी ओरडायचं, "बाद! मी बाद!"
इतक्या आनंदानं बाद होणारं माणूस
मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

लेस्टर खेळला नाही.
व्हिएतनामहून आल्यापासून तो डाव म्हणून पत्तेही खेळत नाही.
ट्रकच्या फळीवर बसून
सँडविचवरच्या माश्या हाकलत राहिला.
प्रत्येक फट्‌ला त्याचा हात क्षणभर हवेत थांबायचा.

मला दाताच्या डॉक्टरनं गाठलं.
प्रत्येक ओढा ठाऊक असलेला मी,
आणि तो बर्चमागून, धापा टाकत,
चुकून, असं तोच नंतर म्हणाला.
पाठीत एक चटका. मग ओलं.

रंग तेलाचा, पाण्यानं निघेना.
लेस्टरनं टर्पेंटाइनचं फडकं घेतलं,
माझा सदरा वर केला,
आणि बराच वेळ काही केलंच नाही.
"अरे, काय झालं?"
"काही नाही," तो म्हणाला. "रंगच आहे."
मग पुसू लागला, हळूहळू,
जणू खाली काहीतरी सापडेल.

वेंडल पुढच्या शनिवारचं बोलत होता.
झेंडे शिवून घेऊ, नियम लिहू, गावोगाव पाठवू.
सगळे हसत होते. मीही.

सोमवारी पुन्हा उतारावर.
म्हातारा हेमलॉक, माझ्याच हातची निळी खूण अंगावर.
माझ्या पाठीवरचा वळ, लिंबाएवढा, अजून ठणकत होता.
मी पिस्तूल भरलं.
पुढच्या झाडाकडे जाताना
या वेळी वळून पाहिलं,
एवढंच.