संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसल्यास

प्रत्येक अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात
मी हे शब्द ठेवते,
दाराला कडी न घालता नुसतं लोटून ठेवावं तसे.
एकोणीस वर्षं झाली. विनिपेगच्या चौथ्या मजल्यावर
माझं काम एवढंच:
'म्हणजे'च्या अलीकडे एक शब्द,
पलीकडे त्याची हद्द.

हाल्डोर ब्यार्नासनची झोपडी आठ फूट बाय सहा,
प्लायवूडची. खाली लाकडी धावपट्ट्या,
आत पत्र्याची शेगडी, फळ्यांना दोन भोकं,
भोकांखाली तळं.
डिसेंबरात त्यानं ती ट्रॅक्टरला बांधून बर्फावर ओढत नेली,
तेव्हा ती वाहन होती;
मागे लाल दिवा नाही म्हणून दंड.
जानेवारीत ती एका जागी टेकली,
नगरपालिकेनं इमारत म्हणून घरपट्टी पाठवली.
मार्च सरता सरता बर्फ खचला.
आता ती पाण्यात टाकलेला कचरा.

तीन कागद, मालक एक.
त्यातल्या दोन व्याख्या माझ्या हातच्या.
म्हणून रजा टाकून गेले, मागच्या बाकावर बसले.

सरकारी वकील म्हणाला, तळं म्हणजे जमीन नव्हे.
नगरपालिकेचा म्हणाला, गोठल्यावर आहे की,
त्यावरून पोरं शाळेत जातात.
न्यायाधीश लाफ्रेनियेर बाईंनी चष्मा काढला:
"कोणत्या तारखेला?"
तारीख कुणीच आणली नव्हती.

मग हाल्डोरला विचारलं, तुम्ही तिथं राहत होता?
"राहणं म्हणजे?"
सगळे हसले. मला हसू आलं नाही.
"झोपायला घरी जायचो," तो म्हणाला,
"पण सिग्नी गेल्यापासून
घरी नुसता झोपतोच."

सिग्नी तुमची पत्नी?
त्यानं बोटं मोजली, एक बोट अर्धंच होतं.
"परवान्यावर ती खलाशी.
कराच्या अर्जावर जोडीदार.
इस्पितळात मात्र मी तिचा कुणीच नाही,
आठ वाजले की बाहेर.
लग्न राहूनच गेलं.
प्रत्येक मोसमात मासे असायचे."

मला ती गुरुवारची बैठक आठवली.
जोडीदार म्हणजे किती वर्षं एकत्र राहिलेला?
एका कायद्यात आम्ही तीन लिहिली, दुसऱ्यात एक,
आणि दोन्ही वेळा बरोबर होतो.
मासा म्हणजे शिंपलाही, खेकडाही, न फुटलेलं अंडंही,
हेही मीच लिहिलं आहे, आणि त्यावर
माझा भाऊ अजून चिडवतो.
शब्द कामापुरता कापावा लागतो.
कापल्यावर खाली जे पडतं
त्याला कलम नाही.

निकाल छोटा होता.
पट्टी रद्द. ज्या जमिनीचा आधार घेतला
ती एप्रिलात वाहून गेली.
कचरा म्हणजे मालकानं टाकलेली वस्तू.
यानं टाकली नाही. ती गेली.
दिव्याचा दंड तेवढा कायम.
तो हाल्डोरनं तिथंच भरला, म्हणाला,
दिवा खरंच नव्हता.

बाहेर नोव्हेंबर.
त्यानं विचारलं, तुम्ही कोण? पत्रकार?
मी म्हटलं, शब्दांचे अर्थ लिहिते.
"सगळ्यांसाठी?"
नाही, त्या त्या अधिनियमापुरते.
हे त्याला पटलं असावं. मासे खुंटले की जाळ्याचा गाळा बदलतात
तशी त्यानं मान हलवली.

रस्त्यापलीकडे तळ्याच्या काठाला
नखाएवढा पातळ बर्फ धरला होता,
ना धड पाणी, ना धड वाट.
तो उतरून गेला,
बुटाचं टोक त्यावर ठेवलं,
भार दिला नाही,
आणि कान देऊन
उभा राहिला.